फळ्यावरचा वारा

सोसायटीच्या भिंतीवरचा फळा
रोज साडेपाचला ओल्या फडक्याने पुसते मी.
आधी जातो कालचा वारा,
मग कालची लाट.
तारीख मात्र हटून राहते, पांढुरकी,
खाऱ्या हवेत मुरलेल्या खडूची.

वायव्येकडून, ताशी वीस ते तीस.
लाटांची उंची दीड मीटर.
समुद्र मध्यम.
मध्यम म्हणजे कसा, विचारतो फिलूचा धाकटा.
म्हणजे होडीत उभं राहून चहा पिता येतो,
पण कप भरायचा नाही.

इथे उत्तनला, भाटे बंदरावर,
तांडेलांच्या आधी बायका वाचतात.
वलांडीवर बोंबील टांगलेले,
वाऱ्याच्या वेगाशी त्यांना काय करायचंय?
"मास्तरीण, दमट का कोरडं, तेवढं लिही."
बोंबलांसाठी हवामान खातं काही कळवत नाही.
मग खालच्या कोपऱ्यात मीच माझ्या जबाबदारीवर:
सुकवायला हरकत नाही.

इनास तांडेल फळ्याकडे पाठ करून जाळं विणतो.
त्याची भरती त्याच्या बोटांवर:
तिथीची पाऊणपट.
अष्टमी, म्हणजे सहाला.
"एवढ्यासाठी खडू कशाला झिजवतेस?"

सप्टेंबरात तीन नंबरचा बावटा तीन दिवस.
मी दोन हात लांब अक्षरांत लिहिलं:
समुद्रात जाऊ नये.
तीनही दिवस पाणी तेल ओतल्यासारखं.
बर्फ वितळला,
बर्फवाल्याचं बिल नाही वितळलं.
चौथ्या दिवशी पाहते तर
शेवटचा शब्द कुणीतरी अंगठ्याने पुसलेला:
समुद्रात जाऊ.

मी हसले. तसंच ठेवलं संध्याकाळपर्यंत.

आणि मग ऑक्टोबरातला तो गुरुवार.
आलं ते लिहिलं, काना-मात्रा न बदलता:
वारा मंद. समुद्र शांत ते मध्यम.
'गॉडगिफ्ट' दुपारी सुटली,
इनास, दोन खलाशी, फिलूचा थोरला.

चारला वारा साफ पडला.
पाच वाजता लाट आली,
वाऱ्याशिवाय, दक्षिणेकडून, लांबच लांब,
जेट्टीला खालून कुणी खांदा लावावा तशी.
म्हातारी कातरीन उठली
आणि कुणाला न विचारता बोंबील उतरवू लागली.
तिचं बघून शेजारीण. मग सगळी ओळ.
मी फळ्याकडे पाहिलं.
शांत ते मध्यम.
माझंच अक्षर. शाळेत बक्षीस मिळालेलं.

रात्री वायरलेससमोर बसून होते.
बाहेर ओट्यावर बायका,
कुणाच्या हातात जपमाळ,
फिलू नुसती हात पुसत होती, कोरडेच हात,
पुन्हा पुन्हा.
खरखर. एक शब्द येतोय असं वाटायचं,
तो खरखरीचाच असायचा.

सव्वाअकराला:
"वसईच्या खाडीत शिरलो. नांगर धरलाय. चौघंही.
जाळं कापून टाकलं.
आज चौदस, साडेदहाची भरती,
म्हणून उथळावरून आत येता आलं."
मग बराच वेळ समुद्रच बोलत राहिला.
मग परत तोच, घसा बसलेला:
"मास्तरीण, लिहून घे.
वारा नैर्ऋत्येचा. ताशी किती ते मोजला नाय.
लाट डोलकाठीच्या अर्ध्याला."

हाताशी होती बर्फाची पावती.
तिच्या मागे लिहून घेतलं.

सकाळी फळा पावसानेच पुसलेला.
साडेपाचला नवा अंदाज आला, लिहिला.
बोंबलांच्या कोपऱ्यात या वेळी
ती पावती खिळ्याला अडकवली.

इनास आला, डोळे लाल,
पहिल्यांदाच फळ्याकडे तोंड करून उभा राहिला.
ओठ हलवत सगळं वाचलं, तारखेसकट.
"अर्ध्याला नाय," म्हणाला,
"अर्ध्याच्या वर.
आण तो खडू."