घर क्रमांक ३१८, कूलर

ऑगस्टात आम्ही डासांच्या मागावर असतो,
पिशवीत टॉर्च, पळी, खडू,
आणि दार उघडणारा म्हणतो,
"काल तर येऊन गेले ना जी तुम्ही."
काल आलेली बाई वेगळी. तांडापेठ माझ्याकडं.

नानाजी पराते चाळीस वर्षं हातमागावर होते.
त्यांचा कूलर मे महिन्यापासून गल्लीच्या खिडकीत तसाच,
वाळा काळा पडलेला, मोटर काढून ठेवलेली,
टाकीत वीतभर पाणी.
मी जाळी उचलली.
आत पत्र्याला फेस चिकटला होता, मुठीएवढा,
भज्यांचं बेसन घोटून कुणी फेकून मारावं तसा,
वरून वाळून पापुद्रा धरलेला.
"ते फेकू नको पोरी," नानाजी बाजेवरूनच म्हणाले,
"रात्रीचं विणकाम हाये."

मग सांगत बसले.
मादी मोठी, पाठीवर नर, तिच्या निम्म्याचा.
टक् टक् टक् तोच करत होता तीन रात्री.
"तिनं मागचे पाय असे चालवले,
पावडी मारल्यावानी, डावा, उजवा, डावा,
धोटा नाही, कांडी नाही,
पहाटेलोक थान पुरं."

मी दोन दिवस त्या भिंतीवर तारीख घातली नाही.

तिसऱ्या दिवशी फेस खालून सैल झाला
आणि पिल्लं पाण्यात गळली.
कान लावला होता मी. आवाज नव्हता.
प्रत्येकाच्या नाकाच्या शेंड्यावर
एक चांदीचा ठिपका.
डासाची अळी डोकं खाली टांगते, वळवळते.
ही पोहत होती.
एवढा फरक ओळखायचे मला पैसे मिळतात.
पण अळ्याही होत्या, खोटं कशाला बोलू,
आणि मागच्या गल्लीत तापाची दोन पोरं.

सुनेकडून चहाची गाळणी मागितली.
प्रमिलाताईंनी दिली, म्हणाल्या, "आता वापस नको देऊ."
शंभरापर्यंत मोजलं, पुढं सोडून दिलं.
मागाच्या खोलीमागं सूत रंगवायचं टाकं होतं,
बारा वर्षांत त्यात रंग पडला नव्हता, पाऊस तेवढा पडला होता.
त्यात सोडली, वर नानाजींचं धोतर ताणून बांधलं.
मग कूलर उलटा केला,
खडूनं तारीख लिहिली.

पुढचं मी आठवड्याला एकदा पाहिलं.
आधी मागचे पाय.
मग एका रात्रीत पुढचे,
बोटांच्या टोकाला बारक्या टिकल्या.
शेपूट उरतं तेव्हा ते काही खात नाहीत,
तोंडच बदलत असतं त्यांचं.
शेपटीवर दिवस काढतात.
आमचंही जुलैपासूनचं मानधन अटकलं होतं.
हे मी नानाजींना म्हटलं
तर ते इतके हसले की खोकला लागला.

ऑक्टोबरात धोतर सोडलं. टाकं रिकामं.
कुठं गेले, कुणी पाहिलं नाही.

मे. शेहेचाळीस अंश.
मी पाणी प्यायला थांबले तिथं.
प्रमिलाताईंनी न्हाणीघराकडं बोट केलं.
चुन्याच्या भिंतीवर, आरशाच्या मागं,
चुन्याच्याच रंगाचा एक,
हातपाय अंगाखाली घडी करून,
डोळ्यांच्या नुसत्या फटी.
"साबणाच्या डबीत बसते जी हे!"
त्यांनी तांब्या आपटला तशी उडी मारली त्यानं,
आणि मांडीवरचे हळदीचे ठिपके
तेवढ्यापुरते दिसले.

त्या टाक्यातलाच की दुसरा, कोण सांगणार.

बाहेर नातू कूलरला नवा वाळा लावत होता,
हातात पाण्याचा पाइप.
"थांब बे," नानाजी म्हणाले,
"आधी आत टॉर्च मार."