ग्रिम्झबी, गोदीमागची खोली

सतरा वर्षांत पाच तबकड्या,
एकीवरही शब्द नाही.

क्लाइव्ह गिटारची एक तार छेडायचा
आणि ती विरेपर्यंत थांबायचा;
तोवर चहावर साय धरायची.
विनी पेटीचा एकच सूर दाबून बसायची,
दुखऱ्या दाढेवर जीभ ठेवावी तशी.

लीड्सला एकदा एकवीस माणसं आली,
एक तर पहिल्या रांगेत घोरला.
विनी म्हणाली, एवढी दाद पुरे.

खाली मी रात्रपाळीला कॉडची खोकी मोजायचो.
वरून येतंय ते संगीत की फ्रीजरची घरघर,
दोन हिवाळे कळलंच नाही.

गेल्या मंगळवारी त्यांनी अँप्लिफायर जिन्यावरून उतरवले.
मीही एक बाजू धरली.

फ्रीजर अजून घरघरतो.
पण आता त्यात
एक सूर कमी पडतो.