मृतसाठा

खात्याच्या भाषेत
मोरीच्या वरचं पाणी उपयुक्त,
मोरीच्या खालचं मृत.
ओगदवाडीच्या तलावावर एकोणीस वर्षं
रोज सकाळी आठला मी पट्टी वाचतो.
पट्टीवर शून्याच्या खाली आकडे नाहीत.

सात मार्चला शून्य आलं.
पूर्वी ते मे उजाडल्याशिवाय यायचं नाही.
रजिस्टरात लिहिलं : उपयुक्त साठा निरंक.
आणि समोर, त्या निरंकात,
शेकाटे गुडघाभर पाण्यात चरत होते,
हळदी-कुंकू बदकं शेवाळाच्या कडेकडेनं पोहत होती,
चक्रवाक मात्र होळीची वाट न बघता
रात्रीतून निघून गेले होते.

मधलं बेट आमच्या नकाशात नाही.
तलावाच्या पोटातली मुरमाची पाठ ती,
दर उन्हाळ्यात वर येते
आणि नदी-सुरय तिथं उघड्यावर अंडी घालतात,
खड्यांच्या रंगाची.
ना काडी, ना कापूस.
चोहीकडचं पाणी हीच भिंत.
यंदा सव्वीस घरटी मोजली.
मोजायला कुणी सांगितलं नव्हतं.
एप्रिल लागला तशी भिंत घोट्याएवढी झाली,
मग नुसती ओल,
मग एका रात्री वाडीची कुत्री
पायही न भिजवता चालत गेली.
सकाळी सुरय डोक्यावर घिरट्या घालत ओरडत होत्या
आणि मी आठची नोंद आठलाच केली.

मग इंजिनं बसली, टँकर लागले.
दोष कुणाला देऊ?
माझ्या घरचा हंडाही त्याच नळीखाली होता.
अकरा दिवस मृत पाणी माणसं जगवत राहिलं.
बगळ्यांनी दोन दिवस एवढं खाल्लं
की उडताना जड झाले.
तिसऱ्या दिवशी अनुरथ लिंबोऱ्यानं
शेवटची मरळ हातानं उचलली,
जाळं खांद्यावर तसंच, कोरडं.

गाळ काढायला पोकलेन आलं.
काळा, लोण्यासारखा गाळ
ट्रॉल्या भरभरून शेतांकडं गेला,
पाणकणसाच्या मुळ्यांसकट, शिंपल्यांसकट.
चौथ्या दिवशी यंत्र मधेच थांबलं.
मुंजाजी खाली उतरला, हातात कासव.
पाठीवर बकेटीच्या दाताचा ओरखडा,
डोळे अजून मिटलेले.
"साहेब, झोपल्यालं व्हतं वो ह्ये.
कामून उठवलं म्या?"

अर्ध्या कापलेल्या पिंपात तळाचाच गाळ घातला
आणि त्याला घरी ठेवलं.
शेवंता रोज दोन तांबे पाणी द्यायची,
मोजून.
तिसरा मागायची माझी हिंमत नव्हती.

जून गेला. जुलैत ढग नुसते वरून गेले.
मुक्तिसंग्राम दिनाच्या आदल्या रात्री
आभाळानं अख्ख्या मोसमाची उधारी
चार तासांत अंगावर फेकली.
एकशे त्रेचाळीस मिलिमीटर.
पर्जन्यमापक दोनदा रिकामा केला.
झेंडावंदनाला निघालो तेव्हा सांडव्यावरून
तांबडं पाणी कोसळत होतं.
खण-नारळ झाला, फोटो झाले.
शंभर टक्के, मी लिहिलं.

दिवाळीनंतर शेकाटे आले,
एक फेरी मारली,
दुसरी मारली.
काठ खोल खणलेला, सरळ तुटलेला,
पाय टेकावा असं उथळ कुठंच नाही.
तुडुंब तलावावर उतरायला जागा नव्हती.
मावळतीकडं गेले.
रजिस्टरात शेऱ्याचा रकाना बोटभर रुंद आहे.
त्यात काय मावणार?

कासव सोडलं त्या संध्याकाळी
अनुरथ सोबत होता.
पाण्याच्या कडेला ते थोडं थांबलं,
मान बाहेर काढून,
ओरखडा तसाच पांढरा.
मग सरळ खाली गेलं.
बराच वेळ बुडबुडे येत राहिले.
"तळाला चिखल उरलाय का त्येला,
अंग झाकाया?"
अनुरथनं विचारलं.

मी पट्टीकडं बघितलं.