पावणेतीन डझन टॉवेल

डॉक्टर हत्तरकींनी गुडघ्याची फिल्म
खिडकीला धरली, म्हणाले,
अंबूबाई, घास तरी कमी करा
नाहीतर चाल तरी वाढवा.
चालायला गुडघे कुठाहेत, मी म्हटलं,
आणि घासाचं तर बोलूच नका.
मग पोहा, म्हणाले.
मला आधी कांदेपोहेच ऐकू आले.

सत्तेचाळीस वर्षं सोलापुरात काढली,
पाणी बघितलं ते हंड्यात, पिंपात,
पाचव्या दिवशी नळाच्या तोंडाशी.
महापालिकेच्या तलावात पहिल्यांदा वाकले
तेव्हा मनात हिशेबच आला:
एवढ्यात आमच्या गल्लीचे दोन महिने निघतील.
पाय बुडवायची लाज वाटली.
नीलव्वा मॅडम म्हणाल्या, उतरा हो,
पाणी काटा लावत नाही.

काटा मी लावते.
कारखान्यात गाठींच्या काट्यापाशी माझी खुर्ची,
टॉवेल डझनावर मोजायचे, किलोवर लिहायचे,
सेकंड बाजूला काढायचे.
एकदा जेवणाच्या सुट्टीत, कोणी नसताना,
मीच चढले.
चौऱ्याऐंशी.
वहीत लिहिलं नाही.

पहिला महिना नाकातोंडात गेला.
रेहाना नदाफ दांडी धरून अल्लाला हाक मारायची,
मी मार्कंडेयाला,
दोघांनाही त्या वेळी दुसरी कामं असावीत.
मग एका दुपारी डोकं आत गेलं
आणि खटखट थांबली.

जन्मल्यापासून ऐकतेय मी माग,
भिंतीपलीकडे, झोपेत, कळा येताना,
लग्नात मंगलाष्टकांच्या मागेसुद्धा.
पाण्याखाली नव्हता.
श्वास पुरला तोवर तिथेच राहिले.
वर आले तर मॅडम ओरडत होत्या,
त्यांना वाटलं, बाई गेली.

आणि भूक!
सून पुण्याला जाताना फ्रीजवर कागद चिकटवून गेली:
सूप, काकडी, तळलेलं बंद.
कागद अजून आहे,
त्यावर एक तेलाचा डाग पडलाय, माझ्या बोटाएवढा.
पोहून आले की मी कडक भाकरी मोडते,
शेजारणीला ऐकू जावी अशी,
बाजार आमटीत चुरते आणि थांबते,
भाकरीला नीट पिऊ देते.
वर शेंगाचटणी, तिच्यावर दही.
शुक्रवारी रेहानाच्या डब्यातली शिककढई,
कपडे बदलायच्या खोलीत, ओल्या केसांनी,
बोटं चाटत.
पूर्वी तीन खायचे, चौथी कधी गेली कळायचं नाही,
डोळे डझनावर, हात ताटात.
आता दीड खाते,
आणि दीडच्या दीड मला कळते.

फाल्गुनात पुन्हा काट्यावर चढले: एकाहत्तर.
तेरा किलो.
चारशे ग्रॅमचा टॉवेल धरला
तर पावणेतीन डझनाला अर्धा टॉवेल कमी.
इतका माल अंगावर घेऊन जिने चढत होते मी,
ऑर्डर कोणाची होती?

राजेशमने वजनाचं कधी विचारलं नाही.
मागानं त्याचे कान नेलेत,
संध्याकाळी दारातूनच ओरडतो, तिन्नावा?
खाल्लंस का, एवढंच,
सव्वीस वर्षं.
परवा मात्र पिशवीतून टॉवेल काढला,
निळ्या काठाचा, त्याच्याच मागावरचा.
मी सवयीनं उलटून बघितला,
सुटलेला धागा शोधला, डाग शोधला.
सेकंड नाही, तो म्हणाला, मोठ्यानं,
सगळ्या गल्लीला कळेल असं.

वाळत घातलाय गच्चीवर.
उद्या पाचवा दिवस, चारला नळ येणार,
पिंपं भरायचीत,
पोहायला सुट्टी.
भाकरीला नाही.