सिगरेट किती उरली होती

बरबँक, एकोणीसशे अठ्ठेचाळीस.
माझं काम सांगायला सोपं होतं:
शॉट थांबला तेव्हा
सिगरेट किती उरली होती, ते लिहून ठेवायचं.
ग्लासात व्हिस्की, म्हणजे गार चहा, दोन बोटं.
हॅट डावीकडे कललेली.
प्रेताचा उजवा हात
गालिच्यावरच्या लाल फुलावर.
लाल, हे फक्त माझ्या वहीला ठाऊक,
पडद्यावर सगळंच राखाडी.

गुप्तहेर फार हुशार असायचे,
पण जेवून आले की
पिस्तूल कुठल्या खिशात होतं ते विसरायचे.
मग सगळा सेट ओरडायचा, आर्डिस!
मी पान उलटून सांगायचे: कोटाच्या, डाव्या.

खुनी कोण, याची उत्सुकता मला कधीच नव्हती.
शेवटचा प्रसंग आम्ही तिसऱ्याच दिवशी उरकायचो,
गोदामाचं भाडं वाचावं म्हणून.
खुनी पकडला जायचा सोमवारी,
खून करायचा गुरुवारी,
आणि मेलेल्या बाईला पहिल्यांदा भेटायचा
त्याच्या पुढच्या आठवड्यात,
जिन्यावर, अदबीनं हॅट काढून,
जसं काही झालंच नाही.
पाऊस नळीतून यायचा. एमेट नावाचा माणूस
शिडीवर बसून पाडायचा तो,
दुसऱ्या हातात सँडविच.

सवय वाईट. घरीही सुटली नाही.
एक मंगळवार. मर्ल सकाळी निघाला
तेव्हा टायची गाठ तिरकी होती, माझ्या हातची,
मला सरळ गाठ आयुष्यात जमली नाही.
रात्री आला तेव्हा सरळ. सुरेख.
कुणीतरी सवडीनं घातलेली.
मी वहीत लिहिलं: तारीख, वेळ, गाठ.
दिग्दर्शक म्हणाला असता, कट, पुन्हा घ्या.
मी म्हटलं, बटाटे गार झालेत, गरम करू?
तेवीस वर्षं गरम करत राहिले.

आता पॅसडिनातल्या या खोलीत
रात्रपाळीला लुझविमिंडा येते, इलोइलोची.
गोळ्या देते, पाय चेपते,
मग दोघी मिळून नवे रहस्यपट बघतो.
नवे गुप्तहेर हॅट घालत नाहीत.
त्यांना झोप लागत नाही, बायको सोडून गेलेली असते,
बर्फात उभे राहून फोनकडे बघतात.
फोनवर सात दहा, मागच्या भिंतीवर पावणेनऊ.
मी ओरडते.
लुझ म्हणते, मॅडम, गप्प बसा, खुनी सापडतोय.
सापडू दे. शेवटी अख्खं गावच दोषी निघतं हल्ली.
आमच्या वेळी एकच असायचा,
त्या बिचाऱ्याला गोळी घालून
सगळे सहाच्या आत घरी.

काल पांघरूण सारखं करताना
तिचा हात दिव्याखाली आला.
करंगळीशेजारच्या बोटावर फिकट वळं, अंगठीपुरतं.
रविवारी होती: हिरवा खडा, एक आकडा वाकलेला.
सोमवारी होती.
काल मंगळवार.
उशीखालून वही काढली, पेन्सिल काढली,
तारीख लिहिली.
मग पेन्सिल थांबली,
की मीच थांबले, याची नोंद नाही.

पडद्यावर कुणीतरी कुणाला तरी दरडावत होतं,
त्या रात्री तुम्ही कुठे होता?
मी टीव्हीचा आवाज बंद केला.
लुझ, म्हटलं, अंगठी?

ती बराच वेळ रिमोटकडे बघत राहिली.
मग सांगू लागली,
आधी शेवट, मग कुठलं तरी मधलंच,
कॉलेजची फी, धाकटा भाऊ, एक दुकान,
दुकानाच्या काचेवरचा पाऊस,
खरा, म्हणाली, मॅडम, खरा पाऊस,
आणि मी, वय वर्षं सत्त्याण्णव,
वही मिटलेली,
कोणत्या हातानं तिनं डोळे पुसले
तेसुद्धा आता आठवत नाही.