डावी बाजू

आधी तो नुसता घोगरला.
मग ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला
काचेखाली कोंडलेल्या गांधीलमाशीसारखा करवादू लागला,
आणि एका रविवारी थेल्माच्या ओट्यावरच्या
छोट्या डॉकचा डावा स्पीकर
गप्पच झाला.

दोन वर्षं तिनं तसंच चालवून घेतलं.
उजवा होता ना.
उजव्यातून ट्रॉम्बोन यायचे, ट्यूबांचं ढब-ढब यायचं:
थॉर्नक्लो खाणीचा बँड, सत्त्याहत्तरची स्पर्धा,
भाच्यानं कॅसेटवरून उतरवून दिलेली.
कॉर्नेटवाले बसायचे डावीकडे,
म्हणजे चाल सगळी डावीकडे.
ती थेल्मा बटाटे सोलता सोलता
ओठ मिटून स्वतःच म्हणायची;
रिकाम्या जागा भरा, तसं.

खाण गेली, बँड गेला,
एका गुणानं हुकलेली ढाल तर कधी आलीच नव्हती.

"नवाच घे की," शेजारचा कीरन म्हणाला.
तिनं डॉक टॉवेलवर पालथा घातला.
रबरी पायांखाली चार स्क्रू,
पाचवा एका चिकटपट्टीखाली: उघडल्यास वॉरंटी बाद.
वॉरंटीचं काय घेऊन बसलात, कंपनीच केव्हाची बाद.
आत पडद्याभोवतीच्या फोमचा
करपलेल्या टोस्टसारखा भुगा.
पाठीवर लिहिलेलं: आठ ओहम. तीन इंच.

नवा आठवड्यानं टपालानं आला.
कडा केसभर मोठी, म्हणून कानशीनं प्लास्टिक घासलं.
टीव्हीच्या कारखान्यात तीस वर्षं डाग दिलेले हात,
आता थरथरतात,
पण कथील वितळलं, राळेचा धूर नाकात गेला
आणि ते एकदम तिशीतले झाले.

लावलं. आवाज आला,
पण पोकळ.
ट्यूबा हवेत विरून गेलेल्या.
तिच्या लगेच ध्यानात आलं: तारा उलट्या.
एक पडदा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे सरतो,
दोघंही जीव तोडून वाजतात
आणि एकमेकांना खोडून काढतात.
(भावंडांत वाढलेल्या बाईला
हे काही कारखान्यात शिकावं लागत नाही.)

पुन्हा पाच स्क्रू. पुन्हा धूर.

आणि मग आले कॉर्नेट.
दोनच, त्या संथ भागातले:
वरचा सूर तिच्या भावाचा, क्लिफर्डचा,
खालचा ऑसीचा.
वरचा चढत गेला, चढत गेला,
आणि शेंड्यावर फाटला.
तिच्या ओठांत तो दोन वर्षांत
एकदाही फाटला नव्हता.

तिनं मागे नेऊन पुन्हा ऐकलं. आणि पुन्हा.
खालचा सूर ढळला नव्हता,
रुळावरून कोळशाचा डबा जावा तसा
सरळ चालत राहिला होता.

"ऑसीनं घालवली ढाल," क्लिफर्ड म्हणाला होता
त्या रात्री बसमध्ये, सगळ्यांदेखत.
आणि थेल्मानं मान डोलावली होती.
ऑसी खिडकीबाहेर बघत राहिला.
पुढच्या नाताळात तो बँडमध्ये नव्हता.

तिनं हात धुतले. अंगात कोट चढवला.
जुना स्पीकर खिशात टाकला;
जाताना कोटाच्या खिशातली किल्ली
त्याला जाऊन चिकटली.

ऑसी वाफ्यात लीकना माती लावत होता,
प्रदर्शनाला अजून तीन आठवडे होते.

"लोहचुंबक चांगला आहे," ती म्हणाली,
"शेडमधले सांडलेले खिळे उचलायला."
त्यानं घेतला, उलटसुलट केला.
"कुठला?"
"डावा."
वाऱ्यानं लीकची पानं एकदा सळसळली.
"ऑसी, तो तू नव्हतास."

"माहीत आहे," तो म्हणाला,
आणि पुन्हा मातीकडे वाकला.
मग थोड्या वेळानं, मान वर न करता,
"ती झारी दे जरा इकडे."