झिरा

सातवा रविवार.
गारगोटी, पोलादाचा तुकडा,
बोटांची सालं निघालेली.
शेवरीच्या कापसावर ठिणगी पडते
आणि मरते.
जंगू आत्राम माझ्याकडे बघत नाही.
पळसाच्या मुळ्या ठेचून
मांडीवर वाख वळत बसलाय.
"घाई तुला हाय. ठिणगीला न्हाई."

किनवटच्या बँकेत आठवडाभर मी
लोकांना फॉर्म भरायला शिकवते,
इथं सही, इथं अंगठा.
माझाच अंगठा आता काळा.

दुपारी बाटली संपली.
दुसरी मी मुद्दामच आणली नव्हती.
मे महिन्यातला नाला,
वाळू तव्यासारखी.
तो वळणापर्यंत चालत गेला,
एक जांभूळ अजून हिरवी होती तिथवर.
"उकर."

कोपरापर्यंत हात गेला
तेव्हा वाळू गार लागली,
मग ओली,
मग गढूळ एक ओंजळ.
"फेक."
दुसरी. "फेक."
तिसरीही फेकायला लावली म्हाताऱ्यानं,
ओठ फुटले होते माझे.
मग नुसतेच बसलो.
चौथ्यांदा वाकले
तर तळाशी माझं नाक दिसलं.

प्यायलो. बाटली भरली.
निघताना मी वाळू परत लोटू लागले,
जंगलात आपली खूण ठेवू नये
असं कुठंतरी वाचलेलं.
त्यानं मनगट धरलं.
टाचेनं काठ एका बाजूला उतरता केला,
भेकराची मान पोचेल एवढा.
"रातीच्यांला लागतंय."

आगीचं अजून जमलेलं नाही.
पुढचा रविवार आहे.